रिपोर्ट नॉर्मल, पुढे काय?

(पिंगळी, जि. परभणी येथील स्मृती-व्याख्यानमालेत दिलेल्या व्याख्यानाचा लिखित पाठ)



स्मृती-व्याख्यानमालेत साधारणपणे संतसाहित्य असतं, शेतीचं अर्थकारण असतं, मराठवाडा मुक्तिसंग्राम असतो. स्क्रीनकडे बघून येणारी चक्कर हा विषय त्या पंगतीत बसेल का, अशी शंका संयोजकांनी मला मोकळेपणाने बोलून दाखवली. शंका रास्त आहे. संगणकापुढे बसून डोकं गरगरणं हे हिंजवडीच्या आयटी पार्कातलं दुखणं. पिंगळीत त्याचं काय?

तर पिंगळीसारख्या कुठल्याही गावात बघू. अंगणवाडीतल्या लेकरांची वजनं २०२१ पासून पोषण ट्रॅकरवर चढतात. त्याच वर्षीच्या १५ ऑगस्टपासून पिकाची नोंद ई-पीक पाहणीच्या ॲपवर आली. २०२४च्या जुलैत लाडक्या बहिणीचे अर्ज सुरू झाले, तेव्हा सेवा केंद्रातली मुलं आणि अंगणवाडीच्या ताई सर्व्हरची वाट बघत मोबाइलला डोळे लावून बसल्या होत्या. पीकविमा, सातबारा, ग्रामपंचायतीचे दाखले, बँकमित्राचं यंत्र, शाळेची ऑनलाइन माहिती, सगळं त्याच वाटेने जातं. गाव शेतीचंच राहिलं, पण गावातली कितीतरी पोटं आता काचेच्या चौकोनावर भरतात. तिथे बसणाऱ्या एखादीला रोज दुपारी गरगरायला लागलं, तर ती काय करते? पदर डोक्यावरून ओढून घेते आणि अर्ज भरत राहते.

मी पाठ्यपुस्तकांची मुद्रितं तपासते. पूर्वी ती कागदावर यायची, आता पडद्यावर येतात. मला व्हेस्टिब्युलर मायग्रेन आहे, म्हणजे तोलाच्या यंत्रणेला धरणारी अर्धशिशी. मी डॉक्टर नाही, त्यामुळे आज औषधाची चिठ्ठी कुणाला मिळणार नाही. मला एकच गोष्ट मांडायची आहे. या आजाराचं निदान कुठलंही यंत्र करत नाही. ते माणसाच्या सांगण्यावर उभं राहतं. म्हणून नीट सांगता येणं आणि समोरच्याला नीट ऐकता येणं, हा उपचाराचा पहिला भाग आहे. दवाखान्यात तसाच कामाच्या जागीही.

आधी त्रास कसा असतो ते सांगते. पडद्यावरची ओळ वर सरकली की पोटात कालवतं. कुणाला खोली फिरताना दिसते, कुणाला जमीन डुलते, कुणाला नुसतंच तोल गेल्यासारखं वाटतं. मळमळतं. मान वळवावीशी वाटत नाही. ट्यूबलाइटचा उजेड टोचतो, मिक्सरचा आवाज सोसवत नाही. आणि गंमत अशी की डोकं दुखेलच असं नाही. कितीतरी वेळा नुसती चक्कर येते आणि डोकेदुखी दुसऱ्याच कुठल्या दिवशी. त्यामुळे बाई 'गरगर व्हायलंय' म्हणते तेव्हा अर्धशिशीकडे कुणाचा विचारच जात नाही. पित्त झालं, बीपी वाढला, नजर लागली, रात्री जागली असेल, कामाचा कंटाळा आला असेल, अशी कारणं घरातल्या प्रत्येकाजवळ तयार असतात.

मग तपासण्या होतात. हिमोग्लोबिन, साखर, बीपी. त्या व्हायलाच हव्यात, कारण रक्त कमी असलं तरी चक्कर येते. पुढे मानेचा एक्स-रे निघतो. चाळिशीनंतर बऱ्याच जणांच्या मणक्यात थोडी झीज दिसतेच. ती दिसली की मानेला पट्टा लागतो आणि चक्करचा तपास तिथेच थांबतो. कुणी उसनेपासने करून मेंदूचा एमआरआयही काढतं. रिपोर्ट नॉर्मल येतो. आनंदाची गोष्ट खरी, पण घरी आल्यावर त्याचा अर्थ बदलतो. रिपोर्ट नॉर्मल म्हणजे हिला काही झालेलं नाही. आणि काही झालेलं नाही, तर हे सगळं मनाचे खेळ.

इथे शरीराची रचना जरा बघू. कानाचं काम ऐकण्यापुरतं नाही. कानामागच्या कठीण हाडात, आत खोलवर, तीन अर्धवर्तुळाकार नळ्या आहेत. तिघींच्या दिशा वेगळ्या. त्यांत द्रव असतो. डोकं वळलं की द्रव मागे रेंगाळतो आणि त्यावरून मेंदूला कळतं की वळलो. शेजारच्या दोन पिशव्यांत बारीक कण असतात, ते गुरुत्वाकर्षण आणि सरळ रेषेतली हालचाल सांगतात. दुसरी खबर डोळे देतात. तिसरी पाय, सांधे, मान. या तिन्ही खबरा मेंदू एकमेकींशी ताडून बघतो. डोकं उजवीकडे वळलं की साधारण सेकंदाच्या शंभराव्या भागात डोळे तितकेच डावीकडे सरकतात, म्हणून चालताना आपल्याला समोरची पाटी वाचता येते. हे दिवसभर चालतं आणि आपल्याला पत्ताही नसतो.

खबरा जुळल्या नाहीत तर काय होतं, हे रेल्वेच्या मार्गावर राहणाऱ्या गावाला सांगायला नको. पूर्णा जंक्शनला तुम्ही गाडीत बसला आहात, गाडी उभी आहे. शेजारच्या रुळावरची गाडी हलते आणि क्षणभर वाटतं, आपलीच निघाली. डोळे म्हणतात हललो, कान म्हणतात जागेवर आहोत. निरोगी मेंदू दुसऱ्या क्षणाला निवाडा करून टाकतो. अर्न्स्ट माख या शास्त्रज्ञाने १८७५ साली गतीच्या संवेदनांवर ग्रंथ लिहिला. रेल्वे वळणावरून जाताना बाहेरची घरंझाडं तिरकी झालेली का दिसतात, हा प्रश्न त्याला आगगाडीतच पडला होता.

पडद्यावर सरकणारा मजकूर म्हणजे हीच शेजारची गाडी, आणि ती दिवसभर हलत असते. अर्धशिशी असलेल्या मेंदूची अडचण अशी की तो सवय करून घेण्यात कच्चा असतो. इतरांचा मेंदू ज्या उजेडाकडे, आवाजाकडे, हालचालीकडे थोड्या वेळाने दुर्लक्ष करतो, ती याला प्रत्येक वेळी नव्याने जाणवते. पट्ट्यापट्ट्यांच्या नक्षीचंही तसंच. आपल्याच जिल्ह्यातल्या वालूरच्या बारवेच्या काठावरून पायऱ्यांच्या ओळींकडे टक लावून पाहिलं की काहींच्या डोळ्यांपुढे त्या थरथरतात. एक्सेलच्या रांगा आणि दाट छापलेला मजकूर डोळ्यांना दिवसभर तेच करतात. आणि एसटीत बसून मोबाइल वाचला, तर भांडण उलटं होतं. कान म्हणतात खड्ड्याखड्ड्यांतून चाललोय, डोळे म्हणतात समोरचा चौकोन स्थिर आहे. जीपमध्ये बसून पोषण ट्रॅकर भरणाऱ्या ताईंना हे मी शिकवायला नको.

आता, ऐकण्याचा मुद्दा. चक्कर कानातून येऊ शकते, हेच मुळी वैद्यकाला उशिरा पटलं. पॅरिसच्या मूकबधिरांच्या संस्थेतले डॉक्टर प्रॉस्पर मेनिएर यांनी १८६१ साली ते मांडलं. तोवर अशा रुग्णांच्या मेंदूत रक्त साठलंय असं समजून त्यांचं रक्त काढत. पुढे व्हिएन्नात रॉबर्ट बारानी नावाचा तरुण डॉक्टर रुग्णांचे कान पाण्याने धूत असे. रुग्ण चक्कर आल्याची तक्रार करत. एकाने सांगितलं की पाणी पुरेसं कोमट नसलं की गरगरतं, घरी कोमट पाण्याने धुतो तेव्हा काही होत नाही. पुढच्या खेपेला पाणी जास्तच गरम झालं, पुन्हा चक्कर आली, पण या वेळी रुग्णाचे डोळे उलट्या दिशेने झटके देऊ लागले. त्या एका तक्रारीतून बारानीने कानातल्या द्रवाचं गणित सोडवलं आणि तोलाची तपासणी जन्माला आली. त्याला १९१४ सालचं नोबेल मिळालं. बातमी पोचली तेव्हा तो रशियाच्या युद्धकैदी छावणीत होता. माझ्या दृष्टीने या गोष्टीतला मोठा माणूस तो रुग्णही आहे, ज्याने डॉक्टरला पाण्याबद्दल तपशीलवार सांगितलं.

त्याच बारानीच्या नावाची आंतरराष्ट्रीय संस्था आणि डोकेदुखीवर काम करणारी आंतरराष्ट्रीय संघटना, या दोघींनी मिळून २०१२ साली व्हेस्टिब्युलर मायग्रेनचे निकष ठरवले. ते वाचले की लक्षात येतं, त्यात एकही यंत्र नाही. चक्करचे मध्यम किंवा तीव्र असे निदान पाच झटके आले का? प्रत्येक झटका पाच मिनिटांपासून बहात्तर तासांपर्यंत टिकला का? आज किंवा पूर्वी कधी अर्धशिशी होती का? निम्म्या झटक्यांत तरी अर्धशिशीची खूण होती का, म्हणजे ठणकणारी डोकेदुखी, किंवा उजेड आणि आवाज दोन्ही न सोसणं, किंवा डोळ्यांपुढे नागमोडी चमचमणाऱ्या रेषा? आणि दुसऱ्या कुठल्या आजाराने हे जास्त चांगलं समजावता येत नाही ना? हलती दृश्यं पाहून येणारी चक्करही त्या लक्षणांच्या यादीत नावानिशी आहे. हे सगळे प्रश्न आहेत आणि उत्तरं फक्त रुग्णाजवळ आहेत. एमआरआय काढतात तो दुसरं काही नाही ना, हे बघायला. तो नॉर्मल येणं हे निदानाच्या विरोधात जात नाही.

म्हणून वही ठेवा. शंभर पानी साधी वही चालते. कधी सुरू झालं, किती वेळ टिकलं, आधी काय करत होतो, काय खाल्लं किंवा खायचं राहिलं, झोप किती, पाळीचा कितवा दिवस, उजेड-आवाज सोसत होता का. दोन महिन्यांची अशी वही घेऊन गेलेल्या बाईला पाच मिनिटांच्या ओपीडीतही डॉक्टरकडून बरंच काही मिळतं. 'लई दिवस झालं चक्कर येती' एवढंच सांगितलं तर चक्करची गोळी मिळते.

वहीमुळे दुसरे आजारही वेगळे पडतात. कूस बदलताच काही सेकंद जग गरागरा फिरतं आणि मिनिटाच्या आत थांबतं, तर ते बहुधा कानातले कण जागा सोडून नळीत शिरल्यामुळे असतं. त्यावर डॉक्टर डोकं ठरावीक दिशांना फिरवून उपाय करतात. आणि काही खुणांना वहीची वाट बघायचीच नाही. चक्करबरोबर बोलणं अडखळलं, एका बाजूचा हातपाय लुळा पडला, तोंड वाकडं झालं, एकाचे दोन दिसू लागले, अजिबात उभं राहता येईना, एका कानाने अचानक ऐकू येईना किंवा जन्मात नव्हतं असं डोकं एकदम दुखलं, तर गाडी काढायची आणि थेट मोठं रुग्णालय गाठायचं.

आता काम. नोकरी सोडणं बहुतेकींना परवडत नाही, आणि सोडायची गरजही बहुधा पडत नाही. कामाची मांडणी बदलावी लागते. माझा पहिला नियम आहे की मजकूर सरकवायचा नाही, उलटवायचा. बोटाने पान वर ढकललं की सगळं दृश्य वाहतं; पेज डाऊनचं बटण दाबलं की एक पान जातं, दुसरं येतं. पीडीएफमध्ये एकावेळी एकच पान दिसेल अशी सोय असते. अक्षर मोठं ठेवायचं, म्हणजे मान पुढे जात नाही. पडदा डोळ्यांच्या उंचीला किंवा जरा खाली, हातभर अंतरावर. पाय जमिनीला टेकलेले, पाठ टेकलेली, म्हणजे तिसरी खबर पक्की मिळते.

दुसरा नियम हलणाऱ्या सजावटीचा. २०१३च्या सप्टेंबरात ॲपलने आयफोनची नवी प्रणाली आणली. त्यात चित्रं मागेपुढे तरंगायची, ॲप उघडताना पडदा अंगावर आल्यासारखा मोठा व्हायचा. जगभरातून मळमळीच्या, चक्करच्या तक्रारी गेल्या. ऑक्टोबरातच सुधारणा आली आणि हालचाल कमी करण्याच्या बटणाने ते झूम बंद करता येऊ लागलं. आज तसं बटण अँड्रॉइडमध्ये आहे, विंडोजमध्ये आहे. सेटिंगमधल्या ॲक्सेसिबिलिटीच्या भागात ॲनिमेशन बंद करायची सोय सापडते. फुकट आहे, मिनिटभराचं काम आहे. तेही लोकांनी तक्रार केली म्हणून मिळालं, हे लक्षात ठेवा.

तिसरा नियम उजेडाचा. आपल्याकडची वीज सेकंदाला पन्नास आवर्तनांची, त्यामुळे जुन्या चोकची ट्यूब सेकंदाला शंभर वेळा उजळते-मंदावते. डोळ्याला दिसत नाही, मेंदूला लागतं. ब्रिटनमध्ये अर्नोल्ड विल्किन्स आणि सहकाऱ्यांनी एका कार्यालयात असे दिवे आणि न लुकलुकणारे दिवे यांची तुलना केली. १९८९ साली छापलेल्या त्या अभ्यासात चांगल्या दिव्यांखाली डोकेदुखी आणि डोळ्यांचा ताण निम्म्याहून कमी झाला होता. आपल्या कार्यालयांत याहून वाईट एक गोष्ट असते. दिवा वर आणि पंखा त्याच्या खाली. पात्यांची सावली टेबलावर फडफडत राहते. टेबल दोन हात सरकवलं की प्रश्न मिटतो. पडद्याचा उजेड खोलीच्या उजेडाशी मिळता ठेवा. अंधारात झगझगीत मोबाइल नको. अगदी मंद करून टाकणंही नेहमी चांगलं नसतं, कारण बऱ्याच मोबाइलचे पडदे मंद केल्यावर लुकलुकूनच मंद होतात.

चौथा नियम वेळेचा. सरकतं काम, म्हणजे यादीतून नाव शोधणं, मोठे तक्ते तपासणं, हे सकाळी. फोन, भेटी, शिक्के, कागद लावणं दुपारी. मध्येमध्ये उठून लांबच्या स्थिर गोष्टीकडे बघायचं, झाड, टाकी, भिंतीचा कोपरा. बैठकीत पडद्यावर फाइल दाखवणाऱ्याला 'हळू सरकव' म्हणायचं. आणि पहिली चाहूल लागली, म्हणजे जांभया, जड मान, पोटात कालवाकालव, की तिथेच थांबायचं. 'एवढा अर्ज होऊ दे' म्हणून रेटलं तर उरलेला दिवस जातो.

औषधांबद्दल थोडंच बोलते. झटके वारंवार येत असतील तर ते कमी करणारी रोजची औषधं असतात. ती कुणाला कुठली, हे डॉक्टरच ठरवणार. त्यातलं प्रोप्रॅनोलॉल दमेकऱ्याला चालत नाही, एवढ्या एका उदाहरणावरून शेजारणीची पट्टी का घेऊ नये ते कळेल. चक्कर दाबणाऱ्या गोळ्या मेडिकलवर सहज मिळतात. त्या झटक्यापुरत्या ठीक. महिनोन्महिने घेतल्या तर मेंदूची स्वतः तोल सावरायला शिकण्याची क्रिया मंदावते आणि काहींना हातपाय थरथरण्याचा त्रासही जडतो. दुखण्याच्या साध्या गोळ्या महिन्यातून पंधरा दिवस पोटात जाऊ लागल्या, तर त्यांच्यामुळेच डोकं दुखू लागतं.

व्यायाम मात्र खरा सोबती. १९४०च्या दशकात इंग्लंडमध्ये कॉथोर्न आणि कुक्सी या दोन डॉक्टरांनी डोक्याला मार बसलेल्या आणि तोल गेलेल्या रुग्णांसाठी डोळे, मान आणि चालणं यांचे साधे व्यायाम बसवले. आज फिजिओथेरपिस्ट शिकवतात त्यांचं मूळ तिथे आहे. अंगठा समोर धरायचा, नजर त्यावर, मान हळूहळू डावी-उजवी. झटका सुरू असताना करायचे नाहीत; बऱ्या दिवसांत थोडे, शिकून घेऊन, हळूहळू वाढवत.

आणि दिनक्रम. या मेंदूला नियम आवडतो. झोप, जेवण, पाणी वेळच्या वेळी. परभणीचा उन्हाळा आपल्याला माहीत आहे. दुपारी उन्हातून येऊन तहानलेल्या पोटी पडद्यापुढे बसणं म्हणजे झटक्याला आमंत्रण. निर्जळी उपास, सप्ताहातली जागरणं, वरातीतला डीजे आणि त्याचे फिरते दिवे, हेही त्याच माळेतले. श्रद्धेला माझे हात जोडलेले आहेत. पण चतुर्थीला चंद्रोदयापर्यंत उपाशी राहून अर्ज भरणाऱ्या सुनेला दुपारी दूध-केळं घे असं सासूबाईंनी म्हटलं, तर गणपती रागावणार नाही.

शेवटचा मुद्दा कामाच्या जागेचा. वरिष्ठांना सांगायचं कसं? 'मला बरं नसतं' असं सांगितलं की उत्तर मिळतं, रजा टाका. वहीतून सांगितलं की चित्र बदलतं: सलग एका तासाहून जास्त यादी तपासली की त्रास होतो, तासातून पाच मिनिटं उठू दिलं आणि टेबल पंख्याखालून हलवलं तर काम पूर्ण करते. यात मागणी छोटी आहे आणि कामाची हमी आहे. दिव्यांग व्यक्ती हक्क कायदा २०१६ मध्ये अशा वाजवी फेरबदलांची संकल्पना आहे: दुसऱ्यावर अवाजवी भार न टाकता केलेली सोय. आपला आजार त्या कायद्याच्या अनुसूचीत नावाने नाही. पण ११ फेब्रुवारी २०२१ रोजी विकास कुमार विरुद्ध केंद्रीय लोकसेवा आयोग या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने लिहिताना हात आखडणाऱ्या उमेदवाराला लेखनिक मिळण्याचा हक्क मान्य केला. ठरावीक टक्क्यांचं प्रमाणपत्र नाही, एवढ्यावर सोय नाकारता येणार नाही, असा त्याचा रोख होता. प्रत्येक चक्कर कोर्टात न्यावी असं मी म्हणत नाही. पण टेबल हलवून मागणं ही मेहरबानी नव्हे, हे मागणाऱ्याला आणि देणाऱ्याला, दोघांना माहीत असावं.

मंडळी, तुमच्यात कुणी सरपंच असेल, मुख्याध्यापक असेल, सेवा केंद्राचा चालक असेल, कुणाची सासू, कुणाचा नवरा असेल. तुमच्या माणसाने गरगरतंय म्हटलं की निष्कर्ष काढण्याआधी पाच प्रश्न विचारा. किती वेळ टिकतं? कशाने सुरू होतं? बरोबर आणखी काय होतं? पूर्वी डोकं दुखायचं का, आईला, मावशीला दुखायचं का? आणि कुठलं काम केलं की वाढतं? उत्तरं कागदावर लिहा. तो कागद एमआरआयच्या पाकिटात घाला आणि दोन्ही घेऊन डॉक्टरकडे जा. पाचव्या उत्तराची एक प्रत मात्र स्वतःजवळ ठेवा, कारण त्यावरचा इलाज डॉक्टरच्या हातात नाही, तुमच्या आहे.